पानशेतच्या पुरात 'गेलेले' धाकटे आजोबा आणि मालमत्ता पत्रकावर राहिलेलं नाव

नवा_पेठकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. नारायण पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्याचा पुनर्विकास ठरतोय. बिल्डरच्या वकिलांनी कागद तपासायला घेतले, तर मालमत्ता पत्रकावर धारक म्हणून दोन नावं निघाली. एक माझे आजोबा, दुसरे त्यांचे धाकटे भाऊ. आजोबांच्या पश्चात वारस नोंद झालेली आहे. धाकट्या भावाचं नाव मात्र होतं तिथेच. वकील म्हणाले, यांचा मृत्यूचा दाखला आणा.

घरात त्यांना सगळे अण्णा म्हणतात. १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरात ते वाहून गेले, असं मी लहानपणापासून ऐकत आलोय. वय २६. मागे बायको होती, मूलबाळ नव्हतं. त्या काकूआजी पुढे आमच्याकडेच राहिल्या आणि १९९१ मध्ये गेल्या. मी त्यांना पाहिलेलं नाही, माझा जन्म नंतरचा.

दाखला शोधताना काही गोष्टी डोक्यात घुमायला लागल्या. आमच्याकडे पितृपक्षात पणजोबांपासून सगळ्यांची नावं घेतात, अण्णांचं नाव कोणी कधी घेतलेलं नाही. काकूआजींचे जेवढे फोटो आहेत त्या सगळ्यांत त्यांच्या कपाळावर कुंकू आहे, गळ्यात मंगळसूत्र आहे. बाबांना विचारलं तर म्हणाले, "प्रेत मिळालं नव्हतं, म्हणून तिने मानलंच नाही."

गेल्या वर्षी आजी गेली. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाच्या कागदाखाली मनीऑर्डरच्या पोचपावत्यांचा गठ्ठा आणि एक आंतर्देशीय पत्र सापडलं. पत्रावर तारीख नाही, सही नाही, टपालाचा शिक्का पुसट. मजकूर चार ओळींचा आहे: मुलगी चांगल्या घरी पडली, समाधान वाटले. इकडे मागावर काम असते, दिवस जातो. हात आता लिहिण्याजोगे नाहीत, दुसऱ्याकडून लिहवतो. वाचून झाले की जाळावे.

बाबा म्हणतात हे पत्र पुराच्याही आधीचं, आजीच्या माहेरच्या कुणाचं तरी असेल. त्यांना हा विषयच नकोय. मला फक्त दोन गोष्टी हव्या आहेत: पत्राचा काळ कसा ठरवायचा, आणि पुरात गेलेल्यांची नोंद तेव्हा कशी व्हायची?

मुठाकाठची

अरे बाळा, मी त्या वेळी शाळेत होते, शनिवार पेठेत राहायचो आम्ही. सकाळी पानशेत फुटलं, मग त्या लोंढ्याने खडकवासला गेलं. धरण फुटल्याची आवई आधीही उठली होती, म्हणून पुष्कळांनी मनावर घेतलं नाही. वडील आम्हाला घेऊन पर्वतीकडे सुटले. आईने देवघरातली अन्नपूर्णा पदरात बांधून घेतली, बाकी सगळं घर तसंच. दुसऱ्या दिवशी परतलो तर माडीपर्यंत गाळ. गल्लीत मेलेली गुरं, भिजून फुगलेलं धान्य, आणि तो वास. नळाला पाणी नाही, कारण खडकवासलाच रिकामं झालेलं. पेठांतल्या जुन्या विहिरी आणि हौद तेव्हा कामाला आले. दवाखान्यांपुढे लस टोचून घ्यायला रांगा.

नोंदीचं म्हणशील तर त्या गोंधळात कोण मेलं, कोण गावाला गेलं, कोण नातेवाइकांकडे गेलं हे शेजाऱ्यालाही सांगता येत नव्हतं. आमच्या वाड्यातली सात बिऱ्हाडं सात दिशांना गेली, काहींची तोंडं मी पुन्हा पाहिली नाहीत.

एक सांगते, रागावू नकोस. माणूस बेपत्ता झाला आणि प्रेत मिळालं नाही, तर बारा वर्षांनी पालाशविधी करतात. पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, मग दिवस आणि मग दरसालचं श्राद्ध. वर्षश्राद्ध पाळणाऱ्या घरात हे राहून जात नाही. तुझ्या घरच्यांनी ते केलं नाही, तर ते मुद्दाम केलं नसेल. जिवंत माणसाचं श्राद्ध कोण घालेल?

तिकीटवेडा

आंतर्देशीय पत्रावर तुमचा पत्ता कसा लिहिलाय ते बघा. पिनकोड आहे का?

नवा_पेठकर

आहे. 'पुणे ४११०१६'. आजी-आजोबा पुरानंतर गोखलेनगरला राहायला गेले ते शेवटपर्यंत तिथेच होते.

तिकीटवेडा

मग वडिलांचं म्हणणं टिकत नाही. पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. त्याआधी हे सहा आकडे कुणी लिहूच शकत नव्हतं. म्हणजे पत्र पुरानंतर किमान अकरा वर्षांनी लिहिलेलं आहे. शिवाय पुराआधी तुमची माणसं नारायण पेठेत होती, गोखलेनगरचा पत्ता तेव्हा नव्हताच.

पोचपावत्या नीट लावा. मनीऑर्डरच्या फॉर्मचा एक तुकडा संदेशाचा असायचा, तो पैसे घेणाऱ्याकडे राहायचा. पोचपावतीवर घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घेऊन पोस्ट ती पाठवणाऱ्याला परत करायचं. म्हणजे तुमच्या आजी पैसे पाठवत होत्या आणि समोरच्या माणसाच्या हाताची खूण दर वेळी घरी येत होती. पावतीवर पैसे देणाऱ्या टपाल कार्यालयाचा तारखेचा शिक्का असतो. दिवसाउजेडात, तिरप्या प्रकाशात धरा, पुसट शिक्काही वाचता येतो. भिंग असेल तर उत्तम. गठ्ठा दोऱ्याने बांधलेला असेल तर ओढून काढू नका, कात्रीने कापा.

शनवारकर

मी वेगळं बोलतो. तुमच्या आजीने 'जाळावे' लिहिलेलं पत्र जाळलं नाही, पण कुणाला दाखवलंही नाही. आजोबा गेले, आजी गेली, काकूआजी गेल्या. ज्यांनी हे ओझं वाहिलं त्यांना ते उघडं करायचं नव्हतं. वकिलांना जेवढा कागद लागतो तेवढा मिळवा आणि थांबा. वडिलांचं वय काय, तब्येत काय, याचाही विचार करा. घरातली माणसं महत्त्वाची.

नवा_पेठकर

शनवारकर, तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण थांबता येत नाही. घरात ज्यांचं नावच कुणी घेत नाही, तो माणूस माझ्यासमोर सह्यांच्या रूपाने बसलाय.

पावत्या तारखेप्रमाणे लावल्या. सगळ्यात जुनी १९६२ ची. शिक्के वर्ध्याचे आहेत. पहिल्या पावत्यांवर पूर्ण सही आहे, शाईच्या टाकाची, शिरोरेघ सरळ ओढलेली, शेवटच्या अक्षराखाली एक वळसा. हीच सही आमच्याकडच्या एका जुन्या भाडेपावतीवर आहे, मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या. नंतरच्या पावत्यांवर वळसा गेला. मग शिरोरेघ तुटक झाली, अक्षरं मोठी आणि वेडीवाकडी झाली. १९७१ ला फक्त आद्याक्षरं. त्यानंतर अंगठा, शेजारी साक्षीदाराची सही. आणि तो अंगठासुद्धा नुसता जांभळा डाग आहे, त्यात रेषा नाहीत.

गठ्ठ्यात नव्हता असा एक कागद ट्रंकेच्या झाकणाच्या अस्तरात होता. अख्खा मनीऑर्डर फॉर्म, परत आलेला, १९८७ चा. वर लाल शाईत पोस्टमनचा शेरा आहे: 'मयत'.

निवृत्त_कुष्ठतंत्रज्ञ

मी कुष्ठरोग विभागात नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं विदर्भात. तुमचा प्रतिसाद वाचला आणि जेवण बाजूला ठेवून लिहायला बसलो.

वर्धा, मागावरचं काम, सही जाऊन अंगठा येणं आणि रेषा नसलेला अंगठा. हे सगळं एकत्र असेल तर हा कुष्ठरोग आहे, दुसरं काही मला सुचत नाही. या रोगाचा जंतू नसांवर हल्ला करतो. कोपराजवळची नस बाधित झाली की करंगळी आणि शेजारचं बोट वाकडं होतं, मनगटातली झाली की अंगठा कामातून जातो. हाताला चटका कळत नाही, काप कळत नाही, जखमा होतात आणि बऱ्या होताना व्रण उरतात. बोटांची कातडी गुळगुळीत होते. तुम्ही ज्या क्रमाने सह्या सांगितल्या त्या क्रमाने मी माणसांचे हात जाताना पाहिले आहेत.

वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केलं. पुढे वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन उभं राहिलं. तिकडे शेती, सूतकताई, विणकाम ही रुग्णांचीच कामं असायची. पुण्या-मुंबईकडची, शिकलेल्या घरातली माणसंही यायची. नाव बदलून राहणारे होते. घरून कुणी येत नसे, मनीऑर्डर मात्र येई. मनीऑर्डरच्या दिवशी तो माणूस सकाळपासून फाटकाजवळ असायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्या काळाला आजच्या मापाने मोजू नका. डॅप्सोनच्या गोळ्या होत्या, पण वर्षानुवर्षं घ्याव्या लागत आणि पुढे जंतू त्याला दाद देईनासे झाले. तीन औषधांचा एकत्र उपचार आपल्याकडे १९८३ नंतर हळूहळू जिल्ह्याजिल्ह्यांत पोचला. आज ६ ते १२ महिन्यांत माणूस पूर्ण बरा होतो, औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. बहुतेकांच्या शरीरात या जंतूविरुद्ध उपजतच प्रतिकारशक्ती असते, म्हणून एका घरात राहूनही बाकीच्यांना होत नाही. पण लोक त्याला महारोग म्हणत आणि घरात एकाला झाला की त्या घराशी सोयरीक बंद. कायदासुद्धा तसाच होता. १८९८ चा कुष्ठरोग्यांना डांबून ठेवण्याचा कायदा २०१६ पर्यंत पुस्तकात होता. घटस्फोटाच्या कारणांतून हा रोग काढला तो २०१९ मध्ये.

पत्रात 'मुलगी चांगल्या घरी पडली' असं आहे. तुम्ही लिहिलंय की अण्णांना मूलबाळ नव्हतं. मग ही मुलगी कोण?

नवा_पेठकर

काकांचा हा शेवटचा प्रश्न वाचला आणि प्रतिसाद न देता ट्रंक पुन्हा उघडली. एका लाल कापडाच्या पिशवीत घरातल्या सगळ्यांच्या जन्मपत्रिका आहेत. आत्याची पत्रिका मी आजवर कधी उलगडून पाहिली नव्हती. जन्म १९६०. पित्याचे नाव या जागी अण्णांचं नाव आहे. मातेचे नाव या जागी काकूआजींचं.

रात्री बाबांसमोर सगळं मांडलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एकदम सगळं सांगितलं. त्यांनाही ते काकूआजी गेल्या त्या दिवशीच कळलं होतं, आजीकडून.

१९६० मध्ये अण्णांच्या पाठीवर चट्टे दिसले. आजोबांनी दूरच्या दवाखान्यात दाखवलं. १९६१ च्या सुरुवातीला आजोबा त्यांना रेल्वेने वर्ध्याला पोचवून आले. पेठेत सांगितलं, नागपूरकडे नोकरी लागली. जुलैत पूर आला, नदीकडचा अर्धा वाडा बसला, शेजारपाजार पांगला. गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वस्तीत कुणी कुणाला ओळखत नव्हतं, आणि प्रत्येक घरात काही ना काही वाहून गेलेलं होतं. तिथे 'धाकटा भाऊ पुरात गेला' म्हटल्यावर पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही.

आजी बाबांना म्हणाली होती की हे अण्णांनीच सुचवलं. पुराची बातमी ऐकून त्यांनी आजोबांना निरोप धाडला: मला त्या पाण्यात गेला म्हणा, पोरीचं पुढे अडायचं नाही.

आत्या तेव्हा दुडूदुडू चालत होती. ती आजी-आजोबांची मुलगी म्हणून वाढली. शाळेत, रेशनकार्डावर, लग्नपत्रिकेत, सगळीकडे. तिची आई त्याच घरात होती आणि ती तिला काकू म्हणायची. लग्नात कन्यादान आजी-आजोबांनी केलं. काकूआजी स्वयंपाकघरात होत्या.

आणि तो 'मयत' शेऱ्याचा फॉर्म आजीने काकूआजींना कधीच दाखवला नाही. पुढची चार वर्षं ती दर महिन्याला पोस्टात जाऊन येत होती, पैसे तिथल्याच बचत खात्यात टाकत होती आणि घरी 'पाठवले' म्हणत होती. काकूआजी गेल्या तेव्हा त्यांना हिरवी साडी नेसवली, ओटी भरली. आजी बाबांना एवढंच म्हणाली, "तिला सवाष्णच जाऊ दे."

आत्या आज ६५ वर्षांची आहे. तिला यातलं काहीही माहीत नाही. काय करू?

मुठाकाठची

बाळा, सांग. हळू सांग, पण सांग. कन्यादानाच्या वेळी स्वयंपाकघरात उभी राहिलेली ती बाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तिच्या लेकीला आईला आई म्हणायचा हक्क आहे, उशिरा का होईना.

शनवारकर

माझं मत बदललेलं नाही. अण्णांनीच सुचवलं असेल, तर त्यांची इच्छा मुलीला कळू नये हीच होती. बापाने आयुष्य दिलं त्या इच्छेसाठी. ती मोडायचा अधिकार भावाच्या नातवाला कुठून आला?

निवृत्त_कुष्ठतंत्रज्ञ

शनवारकर, असे निरोप मी लिहून दिलेले आहेत, म्हणून बोलतो. 'मला मेला म्हणा' हे रुग्ण म्हणायचा तेव्हा त्याच्यापुढे दुसरा रस्ता ठेवलेला नसायचा. अण्णांची इच्छा मुलीचं लग्न अडू नये ही होती. ते लग्न झालं, संसार झाला, नातवंडं असतील. ज्या भीतीसाठी हे लपवलं ती भीती तरी आता कुठे उरली? आणि पत्र नीट वाचा. दुसऱ्याच्या हातून लिहवून घेतलेल्या चार ओळींतली पहिली ओळ मुलीची आहे. या माणसाला मुलीपासून तुटायचं नव्हतं.

कायदेवाली

भावनेचं सगळे बोलले, मी कागदाचं बोलते, कारण त्यात आत्यांचाच प्रश्न आहे.

सात वर्षं ज्याची काही खबरबात नाही तो मृत धरला जातो, हा नियम जुन्या पुरावा कायद्यात कलम १०८ मध्ये होता, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १११ आहे. बिल्डरचे वकील तुम्हाला याच वाटेने न्यायालयातून घोषणा मिळवायला सांगतील. 'पुरात गेले, नंतर काही कळलं नाही' असं प्रतिज्ञापत्र करायला सांगतील. ते करू नका. तुमच्या हातात १९६२ ते १९८७ पर्यंतची खबरबात आहे. ती दडवून केलेलं प्रतिज्ञापत्र खोटं ठरेल.

सरळ रस्ता असा: मृत्यूची नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे संस्थेत मृत्यू झाला तर तो कळवणं संस्थाप्रमुखाचं काम होतं. म्हणून वर्ध्याकडच्या स्थानिक निबंधकाकडे १९८६-८७ ची नोंदवही शोधायला अर्ज करा, संस्थेकडे दाखल रजिस्टरचा उतारा मागा. नोंद नसेल तर उशिराच्या नोंदणीसाठी कलम १३(३) खाली जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो. परत आलेला फॉर्म जपून ठेवा, त्याच्यावर शिक्का आणि शेरा दोन्ही आहे.

आता महत्त्वाचं. अण्णा १९८७ मध्ये गेले असतील तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी आणि मुलगी या वारस. पत्नी नंतर गेल्या, म्हणजे अण्णांचा पूर्ण हिस्सा आज आत्यांचा आहे. तुमच्या आजोबांच्या पश्चात आत्यांनी हक्कसोडपत्र दिलं असेल तर ते आजोबांच्या हिश्श्यापुरतं. बापाच्या हिश्श्याला ते लागत नाही. म्हणजे वाड्याच्या निम्म्या जागेची मालकीण कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि तिला नाही. शनवारकरांचा मान राखून म्हणते, या परिस्थितीत गप्प बसलं तर गुपित जपल्यासारखं होणार नाही, तिचा हिस्सा दाबल्यासारखं होईल.

शनवारकर

हा मुद्दा मी धरला नव्हता. कायदेवाली म्हणतात ते बरोबर आहे. सांगा.

नवा_पेठकर

बाबाच म्हणाले, मी सांगतो, तू कागद घेऊन बरोबर चल. आम्ही कोथरूडला आत्याकडे गेलो. बाबांनी पत्रिका तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "ताई, आधी हे वाच. मग तुला काय बोलायचं ते बोल."

ती रडली नाही. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "माझ्या दोन्ही बाळंतपणांत काकू माझ्याजवळ येऊन राहिली. आई आली नव्हती. मला तेव्हा राग आला होता आईचा." नंतर तिने सगळ्या पावत्या टेबलावर मांडायला लावल्या, मी मांडल्या होत्या त्याच क्रमाने. पहिल्या सहीच्या वळशावर बोट ठेवून म्हणाली की माझ्या थोरल्याची सही अशीच आहे.

आजोबांवर ती चिडली. खूप चिडली. "वर्ध्याला गाडी जात होती ना? एकदा तरी न्यायचं मला." बाबांकडे याला उत्तर नव्हतं. आजीने मात्र २५ वर्षं स्वतःच्या घरखर्चातून पैसे काढून पाठवले, यावर ती गप्प झाली. जागेचा विषय मीच काढला, कायदेवालींनी सांगितलेलं सगळं सांगितलं. ती म्हणाली, ते नंतर बघू, पण खोटा कागद होऊ द्यायचा नाही. बिल्डरच्या वकिलांना तसं कळवलं आहे. ते नाराज आहेत, असू देत.

कुष्ठतंत्रज्ञ काकांनी व्यनितून (खासगी निरोपातून) वर्ध्याकडच्या एका जुन्या कार्यकर्त्याशी गाठ घालून दिली. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. त्यांनी जुनं रजिस्टर काढून ठेवलंय. दाखल झाल्याची नोंद १९६१ ची आहे, नाव खरं आहे, गाव पुणे. 'जवळचे नातेवाईक' या रकान्यात आजोबांचं नाव नाही. तिथे लिहिलंय: कन्या, वय १ वर्ष. पुढे आत्याचं घरातलं लाडाचं नाव आहे.

आत्याला फोनवर सांगितलं. तिने पुन्हा एकदा वाचून दाखवायला लावलं. निबंधकाकडचा अर्ज ती स्वतःच्या सहीने करणार आहे, मुलगी म्हणून. दिवाळीनंतर मी, बाबा आणि ती असे तिघं जातोय. मुठाकाठच्या आजी, तिने तुमचा पालाशविधीचा प्रतिसाद वाचला आणि विचारलंय की मृत्यूचं वर्ष आणि ठिकाण कळल्यावर तो विधी लागतो का, की तिथी काढून सरळ श्राद्ध घालायचं? आणि ते मुलीने केलं तर चालतं ना?

मुठाकाठची

कुठे गेला ते कळलं, अंत्यसंस्कार संस्थेने केले असतील, तर पुतळा कशाला? तिकडे गेलात की तेवढं विचारून घ्या. रजिस्टरात तारीख सापडली की जुन्या पंचांगावरून तिथी काढून देणारे गुरुजी पुण्यात आहेत, नाहीतर सर्वपित्री अमावास्या आहेच. मुलीने केलेलं चालतं. आमच्या आळीतल्या गुरुजींना मी आजच विचारते, ते मुलींकडून करवून घेतात. तिला म्हणावं, दोन्ही नावं एकाच दिवशी घे, आईचं पण. आणि व्यनि बघ, फोन नंबर पाठवलाय.